जुन्या रस्त्यावरचे दोन दगड

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणी "ताई, तुम्ही फार हळव्या दिसता" असं लिहायला नको. मी हळवी नाही. नवी गाडी घेतली तेव्हा जाऊबाईंनी तिला हौसेने लिंबू-मिरची बांधली होती. तिसऱ्या दिवशी मी ते लिंबू सोडून वरणावर पिळलं. मिरच्या वाळल्या होत्या, नाहीतर त्याही फोडणीत गेल्या असत्या. या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ती फक्त तुमचे किस्से वाचून हसायला. पांढरी साडी, पैंजण, मागून हाक... माझी चांगली करमणूक व्हायची. आता स्वतःवर आली आहे, तर हसा, माझं काही म्हणणं नाही. पण हसून झालं की कुणीतरी मला नीट समजावून सांगा, कारण माझं डोकं खरंच चालेनासं झालंय.

आम्ही जळगावात राहतो, मेहरूणला. पाण्याच्या जारचा धंदा आहे. दिलीप — म्हणजे आमचे हे — प्लांट बघतात आणि गाडी मी चालवते. दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक पिकअप घेतली. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, मागे सात फुटांचा उघडा हौदा आणि त्याला तीन बाजूंनी खाली पडणारे फाळके. हे फाळके जरा लक्षात ठेवा. गाडी जितकी मुकी तितके ते बडबडे. कडी काढली की असा खणखणाट होतो की गल्लीतली सगळी कुत्री जागी होतात.

गेल्या वर्षी माझी आई गेली आणि मी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गावाहून इकडे घेऊन आले. नानांचं वय चौऱ्याहत्तर. अडतीस वर्षं ट्रक चालवला, बहुतेक धुळे-जळगाव पट्ट्यातच, डाळ मिलसाठी तूर नि हरभरा. माणूस शांत, खायला-प्यायला कुरकुर नाही. एकच गोष्ट झाली — आई गेल्यापासून त्यांची झोप गेली. म्हणजे कमी झाली असं नाही. गेलीच. पहाटे मी पाण्यासाठी मोटर लावायला उठायचे तर हे खाटेवर बसलेले, पाय खाली सोडून, जणू गाडी भरायची वाट बघतायत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या घेऊन झोक जायला लागला आणि एकदा मोरीत पडले. गोळ्या बंद केल्या. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर फार दिवस शरीर साथ देणार नाही." आई गेली त्याला वर्ष झालेलं नव्हतं. मला दुसऱ्यांदा तेच सगळं करायचं नव्हतं हो.

मग एका दुपारी मी जार टाकून घरी आले, गाडी दारात लावली आणि जेवायला गेले. नाना घरात दिसेनात. शोधशोध केली. तर हे हौद्यात, रिकाम्या जारांच्या मध्ये, डोक्याखाली टॉवेल घेऊन... घोरतायत! तीन तास झोपले. मी पुढच्या सगळ्या ऑर्डरी रद्द केल्या आणि पायरीवर बसून राहिले. सांगायला लाज वाटत नाही, मी रडले.

त्या रात्री हौद्यात गादी घातली. पण नाहीच. दुसऱ्या रात्रीही नाही. नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "पोरी, गाडी दारशी उभी शे, म्हणजे मी घरच शे. घर माले झोप येत नही." ड्रायव्हर माणूस. उभं आयुष्य रस्त्याच्या कडेला, ट्रकच्या टपावर नाहीतर हौद्यात झोपलेला.

म्हटलं, ठीक आहे. रस्त्याला नेते.

एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये, नवा हायवे सरळ केला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला पडला आहे. दीडेक किलोमीटर असेल. दोन्ही टोकांनी हायवेला मिळतो, पण वापरतात फक्त शेतावर जाणारे लोक. डांबर बऱ्यापैकी शाबूत, थोडा चढ आणि चढावर कडुलिंबाचं एक मोठं झाड. जागा मी निवडली. निदान मला तेव्हा तसं वाटत होतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही गेलो. भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात असं बांधून घेतलं. हौद्यात गादी टाकली, चार कोपऱ्यांना बांबूच्या काठ्या बांधून मच्छरदाणी लावली आणि तिच्या कडा गादीखाली खोचल्या. पांघरायला आईच्या लुगड्यांच्या गोधड्या. दिलीप फोनवर म्हणाले, "लोक लोणावळ्याला जातात, तू बापाला घेऊन एरंडोलला जा." मी म्हटलं, तुम्ही जार धुवा.

नानांचं गुडघ्याचं दुखणं आहे. स्टूल लावून, मी धरून त्यांना वर चढवते आणि मग स्टूल आत घेते. पण त्या दिवशी चढण्याआधी ते कडुलिंबाकडे गेले आणि बुंध्याशी पडलेल्या दगडांतून दोन दाखवले. एक साधा काळा. दुसरा म्हणजे जुन्या मैलाच्या दगडाचा तुकडा, पिवळा रंग उडालेला आणि त्यावर काळ्या रंगातला चारचा आकडा. मी ते उचलून आणले आणि मागच्या दोन्ही चाकांच्या मागे लावले. आठ-दहा किलोचा एकेक.

"नाना, हँडब्रेक आहे याला," मी म्हटलं.

"राहू दे. दगड तो दगड."

आणि झोपले! साडेआठ ते पाच. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न, "दगड उचलात का?" मी उचलून परत कडुलिंबाखाली नेऊन ठेवले तेव्हाच ते पुढे येऊन बसले.

या प्रश्नाचं मला नवल वाटलं नाही. आमच्या घरात हे वाक्य जुनं आहे. मी पाचवी-सहावीत असल्यापासून आठवतंय — नाना घरी असले की रात्री दिवा मालवताना आई त्यांना म्हणायची, "दगड उचलाई गयात. झोपा आते." दगड उचलले गेलेत, झोपा आता. रोज, अगदी रोज. आम्हा भावंडांना वाटायचं ड्रायव्हरच्या बायकोची गंमत असेल. कुणाच्या घरी 'कडी लावली का' म्हणतात, आमच्याकडे हे.

चार शनिवार गेलो. नानांचं वजन दोन किलोने वाढलं. आठवड्यातून एकच झोप, पण त्या झोपेवर माणूस आठवडा काढायला लागला. जेवताना बोलायला लागला. रस्त्याला रोज सकाळी सहाच्या सुमारास भिका आप्पा म्हणून एक दूधवाले मोटारसायकलवर कॅन लटकवून जायचे. त्यांच्याशी नानांची गट्टी जमली. मला वाटलं, जिंकलं.

पाचव्या रविवारी माझी चूक झाली.

पहाटे फोन आला — नशिराबादला हळदीचा कार्यक्रम, दुसऱ्या माणसाने ऐनवेळी टांग मारलेली, आठच्या आत साठ जार पाहिजेत. धुकं होतं. मी घाईघाईने गादी गुंडाळली, नानांना अर्धवट झोपेत पुढे बसवलं आणि गाडी काढली. तोंड चढाकडे असल्यामुळे गाडी सरळ पुढे निघाली. दगड मागेच राहिले. डिझेलची गाडी असती तर सुरू करायला, तापायला काही वेळ गेला असता, काहीतरी आठवलं असतं. ही नुसती सरकते.

एरंडोलजवळ नाना जागे झाले. "दगड उचलात का?"

तेव्हा मला आठवलं. घड्याळात साडेसहा. मी म्हटलं, "हो नाना, उचलले."

ज्यांनी हायवेवर गाडी चालवली आहे त्यांना हे सांगायला नको. बंद पडलेला ट्रक निघून जातो आणि चाकांचे दगड रस्त्यात तसेच राहतात. रात्री किंवा धुक्यात मागून येणारा दुचाकीवाला जातो. मी स्वतः अशा ड्रायव्हरांना शिव्या घातल्या आहेत. आणि तरीही मी परत फिरले नाही. जुना रस्ता आहे, कोण येतंय, असं स्वतःला सांगितलं. सोमवारी नानांनी पुन्हा विचारलं, "उचलात ना व नक्की?" मी पुन्हा हो म्हटलं. बुधवारपासून मात्र मला घास गोड लागेना. भिका आप्पा रोज त्याच रस्त्याने जातात हे मला माहीत होतं. पंचेचाळीस किलोमीटर, बॅटरी फुल, मनात आणलं असतं तर दोन तासांत जाऊन आले असते. गेले नाही. जाऊन काय दिसेल याची भीती वाटत होती.

शनिवारी गेलो. संध्याकाळचं ऊन होतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. रस्त्यावर दगड नव्हते. जीव भांड्यात पडला. कडुलिंबाखालीही नव्हते. नाना म्हणाले, "आपला दगड कोठे गया?" मी म्हटलं, कुणीतरी नेले असतील शेताच्या बांधाला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि दुसरे दोन दाखवले. मी ते लावले. जेवलो, झोपलो. रात्री काहीच झालं नाही. आवाज नाही, स्वप्न नाही, कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. तुम्हाला इथे काहीतरी हवं असेल, पण नाही, मी ढाराढूर झोपले होते.

सकाळी उजाडल्यावर जाग आली ती पायाला काहीतरी टेकल्यामुळे. उठून बघितलं तर मच्छरदाणीच्या आत, आमच्या दोघांच्या पायांच्या मध्ये, आईच्या गोधडीवर ते दोन दगड शेजारी शेजारी ठेवलेले. काळा, आणि चारच्या आकड्याचा. आकडा वर, आमच्याकडे तोंड करून.

मी ओरडले नाही. मी मूर्खासारखी आधी मच्छरदाणी तपासली. चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली. फाळके बंद, कड्या लागलेल्या. स्टूल आत, माझ्या उशाशी. खाली वाकून बघितलं तर चाकांमागे रात्री लावलेले दुसरे दोन दगड जागच्या जागी. आणि एक गोष्ट, जिच्यामुळे मला आजही नीट विचार करता येत नाही — रात्री दव पडलं होतं, गोधडी वरून ओली होती. मी चारचा दगड उचलला तर त्याच्या खालची गोधडीही तितकीच ओली. दगड मात्र कोरडा. म्हणजे दव पडून गेल्यावर, पहाटे, कुणीतरी कोरडे दगड आणून ठेवले. कुठून? बाहेर तर सगळंच ओलं होतं.

"नाना, तुम्ही उतरला होतात का?" मी विचारलं. हे विचारतानाच मला कळत होतं की त्यांना स्टुलाशिवाय उतरता येत नाही आणि दहा किलो उचलता तर मुळीच येत नाही.

नाना उठून बसले होते. घाबरलेले अजिबात दिसत नव्हते. म्हणाले, "मागला येले तू दगड उचलात नहीत ना?"

मी मान खाली घालून म्हटलं, "नाही उचलले."

चारच्या आकड्यावरून बोट फिरवत त्यांनी सगळं सांगितलं. याच रस्त्यावर, याच चढावर, मी पाचवीत असताना त्यांच्या ट्रकचा टायर बसला होता. दगड लावून चाक बदललं. मिलला तूर वेळेवर पोचवायची होती, अंधार पडत होता, दगड तसेच ठेवून निघाले. आरशात एक सायकलवाला चढाच्या दिशेने येताना दिसला.

"मी गाडी थांबाडी नही," नाना म्हणाले. "म्हन्तं, त्याले दखाईन दगड." दिसतील त्याला, असं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी परतताना रस्त्याच्या कडेला वाकडी झालेली सायकल पडलेली होती. माणसं उभी होती. नाना तेव्हाही थांबले नाहीत. घरी आले आणि फक्त आईला सांगितलं.

मला भीती नंतर वाटली. आधी राग आला. मी म्हटलं, "थांबला नाहीत? दोनदा गेलात आणि दोनदा थांबला नाहीत?" बापाशी असं कधी बोलले नव्हते. बोलल्यावर लगेच कळलं की मी कुणाला काय विचारतेय. मीसुद्धा आठवडाभर परत गेले नव्हतेच की.

नाना म्हणाले, "तुनी माय गई. यष्टीवर बसीसन एकली उनी आठे. दगड तठेच व्हतात. तिनी उचलीसन त्या निंबखाले ठेयात, मंग घर उनी. त्या दिनपासून रोज रातले माले सांगे." आई. एसटीने, एकटी, फक्त दगड उचलायला.

दगड उचलाई गयात. झोपा आते.

"आणि तो सायकलवाला?"

"तिले माहीत व्हतं का नही, माले माहीत नही. तिनी सांगं नही. मी इचारं नही."

तेवढ्यात भिका आप्पांची मोटारसायकल आली. ते धडधाकट बघून मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना थेट विचारलं, मागच्या रविवारी इथे रस्त्यात दोन दगड दिसले होते का. ते म्हणाले, नाही. त्या दिवशी वर हायवेला लागताना आमची गाडी त्यांच्या अगदी शेजारून गेली होती. आम्ही निघाल्यावर पाच-सात मिनिटांत ते चढावर आले होते. "धुकं इतलं व्हतं ताई, हात दखाये ना. दगड राहता ते मी आज दूध लई उनू नसतू." म्हणजे दगड असते तर ते पडलेच असते. वाटेत माणूस? कुणी नाही. पाच-सात मिनिटं, आणि त्या धुक्यात दोन जड दगड उचलून नेणारं तिथे कोण होतं?

मग नानांनी विचारलं. मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आप्पा, लई वरीस पहिले आठे एक सायकलवाला पडना व्हता. त्यानं काय व्हयनं, माहीत शे का?"

भिका आप्पांनी गाडी स्टँडवर लावली आणि विचार केला. मग म्हणाले, "नाना, हाऊ रस्ता चालू व्हता तवय आठे लई पडनात. कोणता सांगू?"

नानांनी मान हलवली. आम्ही चारही दगड कडुलिंबाखाली नेऊन ठेवले. म्हणजे मी नेले, नाना शेजारून चालले.

दिलीपना सगळं सांगितलं. त्यांचं मत, मी झोपेत चालले असेन. मी वीस वर्षं त्यांच्या शेजारी झोपते, कधी कूस बदललेली त्यांना ठाऊक नाही. आणि झोपेत चालणाऱ्या बाईला फाळके न वाजवता उघडता येत असतील तर मी तोच धंदा करते. शिवाय ते दोन दगड आठवडाभर होते कुठे? कुणी गावकऱ्याने गंमत केली म्हणावं, तर मच्छरदाणी? बरं, मी रात्री वाहत्या हायवेपासून लांब, मोकळ्या रस्त्यावर, दोन हातांवर कुणीतरी वाकून दगड ठेवेपर्यंत झोपून राहिले याची भीती वाटायला हवी की नको, तेही मला ठरवता येत नाही. कारण खरं सांगायचं तर त्या गोधडीवर ते दगड इतके नीट ठेवलेले होते... आई वाळवणाचं ताट ठेवायची तसे, सरळ, कडेला कड लावून. मी हे नुसतं दिसलं ते सांगतेय. त्यातून काही म्हणायचं नाही मला.

त्या रविवारी रात्री नाना नेहमीसारखे खाटेवर पाय सोडून बसले. मी दिवा मालवायला गेले आणि दारात थांबून म्हटलं, "दगड उचलले नाना, झोपा आता." ते तसेच बसून. मग मी आईच्या बोलीत म्हटलं, "दगड उचलाई गयात. झोपा आते." घरात मी अहिराणी कधी बोलत नाही, शाळेत हसायचे म्हणून सोडली होती. आवाज कसातरीच निघाला. नानांनी पाय वर घेतले, कुशीवर वळले, आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. घरात. खाटेवर.

याला तीन महिने झाले. सहा किलो परत आलेत. आम्ही आता शनिवारी जात नाही, गरजच पडत नाही. मी रोज रात्री ते वाक्य म्हणते.

पण म्हणण्याआधी खाली जाते, मोबाइलची बॅटरी लावते आणि वाकून गाडीची चारही चाकं बघते. आमच्या गल्लीत चढ नाही, मी दगड लावत नाही, तिथे काही असण्याचा प्रश्नच नाही. दिलीप हसतात. हसू देत. त्या दिवशी मी खोटं बोलले आणि कुणीतरी ते खरं करून ठेवलं. कोणी, ते मला माहीत नाही. पुन्हा करेल की नाही, तेही माहीत नाही.